विद्यापीठ आधी की विषय आधी?
बारावीनंतर मुलीला पुण्याला पाठवावं की बडोद्याला, या प्रश्नावर कुणीतरी दिलेलं ‘आधी विद्यापीठ ठरवा, विषय मागाहून, आणि बडोद्यापेक्षा पुणं केव्हाही सरस’ हे मत मला मुळीच पटत नाही. पुणे विद्यापीठाची पदवी बहुतेक मुलं संलग्न कॉलेजांतून घेतात, तेव्हा तिथे खरी निवड कॉलेजची असते. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाची घडण १९४९ पासूनच वेगळी. इथे बीएस्सीला शिकवणारा विभाग आणि एमएस्सी-पीएचडीचा विभाग एकच असतो. माझी भाची संख्याशास्त्राला होती. पहिल्या वर्षी शंका विचारायला ज्यांच्याकडे जायची, त्यांच्याच हाताखाली पीएचडीची मुलं काम करत होती. हे सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला केवढं बळ देतं, ते मी जवळून पाहिलंय! शिवाय माध्यम इंग्रजी, त्यामुळे गुजराती लिहिता न येणाऱ्या आपल्या मुलांचं अडत नाही.

मात्र ललित कलेचा विचार असेल तर नुसत्या बारावीच्या गुणांवर विसंबू नका. बडोद्याच्या १९५० पासूनच्या ललित कला फॅकल्टीचं नाव देशभर आहे आणि प्रवेशासाठी वेगळी अभियोग्यता चाचणी (ॲप्टिट्यूड टेस्ट) असते. चित्रकला, शिल्पकला की कलेतिहास, हे मुलीलाच ठरवू द्या, आणि रेखाटनाचा सराव आत्तापासून सुरू करा.