मारबतसोबत तुम्ही काय पाठवलं?

पोळ्याच्या पाडव्याला नागपुरात मारबतीची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते, काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. रोगराई म्हणा, इंग्रजांचं राज्य म्हणा, ज्याची त्याची भीती बांबू-कागदात बांधून लोकांनी मिरवत नेली आणि जाळली. "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत" ओरडताना तुमच्या मनात खरं काय होतं, ते लिहा.

माझंच आधी सांगते. आई एप्रिल 2021 ला कोरोनात गेली, शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. 2022 ला मिरवणूक पुन्हा जोरात निघाली तेव्हा इतवारीत गर्दीत उभी होते आणि घशातून आवाजच निघेना. शेजारच्या अनोळखी काकूंनी माझा हात धरला न् दोघींच्या वाटचं त्या एकट्याच ओरडल्या, मग पिवळी समोर आली तशी मीही सुरू झाले ते आवाज बसेपर्यंत.

*

आमचं खेडं यवतमाळकडं, मिरवणूक वगैरे नाही. पोळ्याला दारात पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, ठेवायचे, सकाळी शिवेबाहेर फेकायचे, "राई रोग, खांसी खोकला घेऊन जाय गे मारबत" म्हणत. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, बाबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या पोळ्याला मेढा फेकताना खोकल्यानंतर त्यांनी "बोंडअळी" जोडलं, न् पाहतो तर पुढे चालणारे दोघं-तिघंही तेच ओरडून राहिले होते. कोणीच ठरवलं नव्हतं.

*

आमच्या गल्लीत बडग्या, मारबतीसोबत निघणारा पुरुषाचा पुतळा, बनतो. नालीच्या वादावरून आमचं न् समोरच्या काकांचं 4 वर्षं बोलणं बंद. पण बांबूला सुतळी बांधावी तर त्यांनीच. शेवटी बाबा स्वतः बोलवायला गेले. रात्री 2 पर्यंत दोघं खळीत कागद बुडवून चिकटवत बसले, बोलले काय तर "इकडून ओढा". नालीचा वाद आजही आहे, बडग्या मात्र दरवर्षी तेच बांधतात.

*

काळी म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची राणी बांकाबाई, असं लहानपणापासून ऐकलं. सगळं पारतंत्र्य एका बाईच्या डोक्यावर टाकून जाळायचं, हे मला पटत नाही. मी लेकीला जागनाथ बुधवारीत पिवळीच्या दर्शनाला नेते, तिथं बायका ओटी भरतात, तान्ही लेकरं घेऊन येतात. मागच्या वर्षी परतताना, हातात लाकडी बैल, लेक विचारते, "आजीचे गुडघे दुखतात ते सांगितलं का तिला?" नव्हतं सांगितलं. मागे फिरलो, पुन्हा रांगेत लागलो, सांगून आलो.