मुक्या जनावरांशी तुमचं बोलणं झालंय का? अनुभव सांगा

आमच्या मनीला अकरा वर्षं झाली. नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांत ती तीन तऱ्हांनी म्याँव करते. एक आखूड, दाराशी बसून: दार उघड. दुसरं लांबट, मोरीतल्या नळाखाली: वाटीतलं शिळं पाणी नको, धार सोड. ही दोन मला झोपेतही कळतात. तिसरं मात्र अजून कळलेलं नाही. रात्री दहाच्या सुमारास पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून बसते आणि घशातून, खालच्या पट्टीत काहीतरी म्हणते. भूक नसते, वाटी भरलेली असते, दार उघडंच असतं.

मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याँव करत नाहीत. ती पिल्लांनी आईला मारायची हाक, आणि पाळलेलं मांजर पुढे जन्मभर ती माणसाला मारतं. म्हणजे मनी बोलते ते माझ्याशीच, आणि मलाच कळत नाही. हे मनाला लागून राहिलंय. म्हणून विचारते: माणूस आणि जनावर एकमेकांना खरंच काही सांगू शकतात का, की आपण आपलंच मनातलं त्यांच्या तोंडी घालतो? चमत्कार नकोत. स्वतः पाहिलेलं सांगा. फसला असाल तर तेही सांगा.

निफाड तालुका, द्राक्षं आणि कांदा

ट्रॅक्टर आला तरी बापूंनी शेवटपर्यंत एक बैलजोडी ठेवली होती. बैल पाण्यावर नेले की ते हलकी शीळ घालायचे, आणि शीळ चालू असेपर्यंत बैल सावकाश पीत राहायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला लोणी-हळद चोळून कानात सांगायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आवतण बैलाला कळतं असं मी म्हणणार नाही. पण वर्षभर जू जिथं घासतं, तिथं फिरणारा हात कळतो. आमचा सर्जा डोळे अर्धे मिटून मान खाली सोडून द्यायचा.

बापू गेले त्या वर्षी कोळपणीला मी उभा राहिलो. तेच शब्द, तोच सूर. ओळीच्या टोकाला बैल जाऊन उभे, वळायचं नाव नाही. आधी राग आला, मग रडूच आलं. वाटलं, बापूंसाठी अडून बसलेत. आई बांधावर बसली होती. म्हणाली, "अरे, ते आधी रुमणं उचलायचे, मग बोलायचे." कोळप्याची ती मूठ किंचित उचलली. मानेवरची ओढ हलकी झाली आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत जोडी वळली. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, बैल बापूंचा शब्द ऐकतात. ते बापूंचा हात ऐकत होते, आणि हे बापूंना स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. बैलांना त्यांची आठवण येत होती का, हे मला आजही सांगता येत नाही.

(पुन्हा मी, नाशिकरोड)

हे वाचून बर्लिनचा हान्स आठवला. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हा घोडा खुराचे ठोके देऊन बेरजा-वजाबाक्या सांगायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही, हे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं 1907 मध्ये दाखवून दिलं. ठोके बरोबर आकड्यावर आले की विचारणाऱ्याची मान नकळत हलायची आणि हान्स थांबायचा. हान्सला गणित येत नव्हतं, ही गोष्ट नेहमी इथंच संपवतात. मला मात्र तिथून पुढेच ती मोठी वाटते. भोवतीच्या एकाही माणसाला न दिसलेली केसभर हालचाल त्या घोड्यानं टिपली होती!

पंचवटी, म्हशींचा गोठा

आमच्याकडे धारेला आई बसते. ती लग्नाला दोन दिवस गावी गेली आणि चंपीनं पान्हा चोरला. वासरू लावलं... चुकले, पारडू लावलं, आंबोण पुढे ठेवलं, तरी कास तशीच घट्ट. दुसऱ्या संध्याकाळी मी आईची गोठ्यातली साडी गुंडाळली, शेणाचे डाग असलेली तीच, आणि आई गुणगुणते तसं गुणगुणत बसले. म्हशीनं मान वळवून पदर हुंगला. खूप वेळ. मग सोडला पान्हा, पण निम्माच. जनावर बिचकलं की पान्ह्याचं संप्रेरक, ऑक्सिटोसिन, अडतं, असं आमचे डॉक्टर सांगतात. ते खरंच. पण ती फसली असं मला नाही वाटत. तिनं मला चालवून घेतलं.

अंबड

मला नाही पटत. आमच्या गेटवरची कुत्री डबा खायच्या वेळी बरोब्बर हजर होतात, साप्ताहिक सुटीला एकही नसतं. त्यांना पोटाचं गणित कळतं. त्याला बोलणं का म्हणायचं?

कॉलेजरोड

आमच्या नऊ वर्षांच्या लॅब्रॅडोरनं खाणं टाकलं, तेव्हा आजोबांना जाऊन महिना झाला होता. फोटो पाहून प्राण्यांच्या मनातलं सांगणाऱ्या एका व्यक्तीला आम्ही पैसे भरून फोन केला. उत्तर आलं, "तो म्हणतोय, आजोबांशिवाय घास गोड लागत नाही." घरात सगळे रडलो. तीन आठवडे त्याच्या अंथरुणात आजोबांचा स्वेटर ठेवला.

त्या तीन आठवड्यांत तो काय करत होता, ते आता लख्ख आठवतं. वाटीपाशी यायचा, वास घ्यायचा, मान डावीकडे कलती करून एक घास उचलायचा आणि टाकून द्यायचा. उजवा गाल फरशीवर घासायचा. फ्रिजमधलं पाणी ओतलं की मागे सरायचा. शेवटी डॉक्टरांनी ओठ वर केला, तर उजवीकडची वरची मोठी दाढ उभी चिरलेली, मुळाशी पू. दाढ काढली, आणि चौथ्या दिवशी दूध-भाकरीची वाटी चाटूनपुसून साफ.

तो रोज आमच्यासमोर सांगत होता. आम्ही त्याचं म्हणणं तिऱ्हाइताला विचारायला गेलो. ते तीन आठवडे त्यानं कसे काढले असतील, हे डोक्यातून जात नाही.

सप्तशृंग गडाच्या वाटेवर

लहानसा अनुभव. माझा मुलगा माकडाकडे टक लावून हसत होता, मैत्री करायला. माकड अंगावर धावून आलं. डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे त्यांच्यात दमदाटी. मुलानं त्याच्या भाषेत काय म्हटलं होतं, हे नंतर कळलं.

नांदूरमध्यमेश्वरला दर हिवाळ्यात जाणारा

आम्ही दुर्बीण वर केली की बदकं थोडी लांब सरकतात, आमचा संवाद एवढाच. मोझांबिकचे याओ लोक मात्र मध काढायला निघाले की "ब्रर्र-हम्" असा आवाज देतात आणि हनीगाइड नावाचा रानटी पक्षी त्यांना पोळ्यापर्यंत नेतो. मध माणसाचा, मेण पक्ष्याचं. क्लेअर स्पॉटिसवूड आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलं की हा खास आवाज दिला तर पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता सुमारे 66 टक्के, दुसरा कुठलाही आवाज दिला तर त्याच्या निम्मी. हा पक्षी कुणी पिंजऱ्यात घालून शिकवलेला नाही. अंबडच्या भाऊंना सांगतो, यातही पोट आहेच. पण दोन्हीकडून हाक आहे, दोन्हीकडून ओ आहे. मला बोलणं म्हणायला एवढं पुरतं.

(मी, नाशिकरोड)

कॉलेजरोडचं वाचलं आणि सकाळीच मनीला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. दात, कान, पोट सगळं ठीक आहे.

रात्री दहाला ती भिंतीपाशी बसली. एरवी मी आतून "काय गं?" म्हणते. आज जाऊन शेजारी फरशीवर बसले आणि काही बोलले नाही. ती गप्प झाली. माझ्याकडे बघून डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले. मीही तसेच मिटले. मग तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि तेच म्हणाली, जरा हळू.