वर्षाला एक व्याख्यान म्हणजे लैंगिक शिक्षण?

तिरपागडा
कालच्या धाग्यावर एका सद्गृहस्थांनी लिहिलंय, ‘लैंगिक शिक्षणाचं उगाच अवडंबर. वर्षातून एकदा डॉक्टर बोलवा, मुलींना वेगळं बसवा, तासाभरात उरका. आमचं काय अडलं?’ तिथे उत्तर लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

आमच्या वेळीही असाच तास झाला होता. बाई मुलींना घेऊन दुसऱ्या वर्गात गेल्या आणि आम्हाला मैदानावर पिटाळलं. मला त्या दिवशी एवढंच कळलं, की काहीतरी आहे आणि ते आपल्याला सांगायचं नाहीये. स्वीडनने हा विषय शाळेत सक्तीचा केला १९५५ मध्ये. युनेस्कोची २०१८ ची मार्गदर्शिका पाचव्या वर्षापासून सुरू होते आणि वयाप्रमाणे पुढे जाते. असो. माझा प्रश्न साधा आहे. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी पोराला शंका आली, तर त्याने शाळेत जायचं कोणाकडे?

फळा_खडू
कोणाकडे म्हणजे? आमच्याकडेच! पेपर आम्ही तपासायचे, ऑनलाइन माहिती आम्ही भरायची, सहली आम्ही न्यायच्या, आता हेही. प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं, त्यातला तासभर प्रास्ताविक आणि आभार. पालक भांडायला आले की मुख्याध्यापक म्हणतात ‘मी बघतो’, आणि खरंच नुसते बघत राहतात.

सईची_आई
पाचव्या वर्षापासून? बालपण म्हणून काही ठेवणार की नाही? आमच्या घरी ‘शूची जागा’ म्हणतात, काही बिघडलं नाही. हे आईबापांचं काम आहे.

तिरपागडा
नाकाला ‘शेंबडाची जागा’ म्हणता का हो?

सईची_आई
करा टिंगल. वर्गात ‘शिश्न’ म्हणून बघा. अर्धा वर्ग हसेल, उरलेल्यांना कळणार नाही.

व्याकरणकाका
बाईंचा मुद्दा बिनतोड आहे. या अवयवांना आपल्याकडे दोनच जातीचे शब्द, एक पोथीतले आणि दुसरे शिवीतले. मधलं दुकान बंद. त्यात ‘स्वप्नदोष’! वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत अगदी नैसर्गिक गोष्ट, आणि नावातच दोष. पाळीला ‘अडचण’. आणि कळस म्हणजे ‘गुप्तरोग’. नावातच गुप्त ठेवायचं आणि वर सांगायचं, ‘लपवू नका’.

फळा_खडू
काका, शब्दकोश मिटा. विषय शाळेचा चाललाय.

व्याकरणकाका
मिटणार नाही. ज्याला नाव नाही ते तुम्ही फळ्यावर काय लिहिणार, रिकामी जागा भरा? तीस वर्षं प्रुफं तपासली आहेत, मला विषय शिकवू नका.

रात्रपाळी
काकांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. माझा मावसभाऊ, तेव्हा चौदाचा. मध्यरात्री उठला, घामाघूम, उलटी झाली. मावशी विचारतेय कुठे दुखतंय, हा म्हणतो पोटात. पोटाचं औषध देऊन झोपवला. सकाळी दहाला डॉक्टरांनी नीट तपासलं तर वृषणाला पीळ बसलेला. त्यात रक्तपुरवठा तुटतो, पीळ सोडवायला हातात साधारण सहा तास असतात. ते कधीच उलटून गेले होते. एक वृषण काढावं लागलं.

नंतर मला म्हणाला, ‘कुठे दुखतंय ते माहीत होतं रे. पण तोंडात शिवीतलाच शब्द येत होता, आईला कसा सांगू?’

सईची_आई
वाचून पोटात गोळा आला. बरं, नावं शिकवा. पण गर्भनिरोधकं कशाला? तो आगाऊपणा आहे.

परिचारिका_२
ताई, आगाऊ सांगायचं म्हणूनच तर शिक्षण म्हणायचं. क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार, त्याला बहुतेकदा लक्षणंच नसतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस मुलींना ९ ते १४ या वयात द्यायची, म्हणजे विषाणूशी गाठ पडायच्या आत. गर्भ राहू नये म्हणून संबंधांनंतर घ्यायच्या आपत्कालीन गोळीला ७२ तास, आणि जितकी लवकर तितकी बरी. घाबरलेल्या मुलीने ते तास कोणाला विचारू, कोणाला नको यात घालवायचे का?

मात्र शाळेत ऐकून घेणाऱ्याने ‘कोणालाच सांगणार नाही’ असा शब्द कधी देऊ नये. कोणी त्रास देत असेल तर सांगावंच लागतं, आणि हे बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगायचं. बाकी उठसूट घरी फोन लावलात, तर पुढची मुलगी तुमच्या दारात येणार नाही.

फळा_खडू
झालं ना! मग नर्स द्या आम्हाला, आठवड्यातून दोन दिवस तरी, आणि दार बंद होईल अशी खोली. आमच्या समुपदेशन कक्षात सध्या लेझीम आणि फुटबॉल आहेत. एवढं द्या, मग तुमच्या युनेस्कोला मी स्वतः हार घालतो.

तिरपागडा
म्हणजे तुमचा विरोध कामाला होता, विषयाला नाही. हे पहिल्या प्रतिसादात लिहिलं असतंत तर?

फळा_खडू
पहिला प्रतिसाद कोण वाचतं?

सईची_आई
आज सकाळी लेकीला खरा शब्द सांगितला. ती म्हणाली, ‘मग इतके दिवस दुसरंच का म्हणत होतीस?’ तिरपागडा, तुम्ही जिंकलात असं समजू नका.

व्याकरणकाका
कोणता सांगितलात? पोथीतलाच ना?