दिवसभर बातम्या असतील तर ओलेड नको

वडील दिवसभर बातम्या लावून बसतात, तरी ओलेड टीव्ही घ्यावा का, असं विचारलंत. मी तरी नाही घेणार. ओलेडचा प्रत्येक पिक्सेल (पडद्यावरचा बारीक ठिपका) स्वतः उजळतो आणि वापराप्रमाणे झिजतो. वाहिनीचा लोगो, खालची लाल ब्रेकिंग पट्टी तासन्‌तास एकाच जागी; तिथले पिक्सेल आधी मंदावतात आणि मग क्रिकेटच्या हिरव्यागार मैदानावरही पट्टीचा पुसट डाग दिसतो. क्यूलेड टीव्ही मात्र नाव सारखं असलं तरी मुळात बॅकलाइटवाला (पडद्यामागून उजेड देणारा) एलसीडीच, त्याला ही भीती जवळपास नाही.

तरीही ओलेडच घेतलात, तर रात्री भिंतीवरचं बटण बंद करू नका (आपल्याकडे ती सवयच!). बरेच सेट काही तासांच्या वापरानंतर स्टँडबायमध्ये (रिमोटने बंद, पण वीज चालू) सगळ्या पिक्सेलचा उजेड एकसारखा करून घेतात. वीजच तोडली की ते राहूनच जातं.