डेबियनचं वायफाय आता अडत नाही

डेबियन आणि मिंट या लिनक्सवर आधारित दोन ऑपरेटिंग सिस्टीमच्या वेगाची तुलना करणाऱ्या पोस्टमध्ये म्हटलंय, की डेबियन हलकं आहे, पण इन्स्टॉल करताना वायफायच सापडत नाही, म्हणून नवख्यांनी मिंटच घ्यावं. हलकेपणाचं पटतं, वायफायचं आता पटत नाही. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून वायफायला लागणारं नॉन-फ्री फर्मवेअर (कार्ड चालवणारं, पण मुक्त परवान्याचं नसलेलं सॉफ्टवेअर) अधिकृत आयएसओमध्येच (इन्स्टॉल करायच्या फाइलमध्येच) असतं, वेगळा पेनड्राइव्ह लागत नाही. नाशिकला सिडकोत मावशीच्या जुन्या लॅपटॉपवर टाकलं तेव्हा इन्स्टॉलरनेच इंटेलचं वायफाय कार्ड ओळखलं. ब्रॉडकॉम कंपनीच्या काही जुन्या वायफाय चिप मात्र अजूनही छळतात, तिथे मोबाइलवरून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे केबलने मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला द्या.

आणि वेगाची तुलना करताना डेस्कटॉप (स्क्रीनवर दिसणारे मेन्यू-खिडक्या सांभाळणारा भाग) कोणता तेही लिहा ना! ४ जीबी रॅमवर ग्नोम हा जड डेस्कटॉप आणि एक्सएफसीई हा हलका, यांत जेवढा फरक जाणवतो, तेवढा मिंट-डेबियनमध्ये नाही. डेबियनचा इन्स्टॉलर डेस्कटॉप विचारतो, तिथे एक्सएफसीईवर खूण करायची.