मदत हवी आहे: छोट्या हत्तीवर कॅम्पर बसवून पुराच्या वेळी घरच्यांना बाहेर काढता येईल का?

नमस्कार मंडळी,

नागपुरात डागा लेआउटच्या बाजूला राहतो. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकरांना वेगळी सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो आणि नाग नदी थेट घरात. आमच्याकडे पलंगाच्या वर पाणी आलं. बाबांना (वय 78, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या विजेच्या मशीनवर असतात) मी आणि शेजारच्या पोराने प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं. लाइट गेलेली. वरच्या भाडेकरूच्या इन्व्हर्टरवर मशीन तास-दीड तास चालली. पुढे होडी येईपर्यंत बाबा उशीला टेकून नुसते श्वास मोजत बसले होते.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा. दुकानाच्या मालासाठी माझ्याकडे टाटा एस (छोटा हत्ती) आहे. तिच्या हौद्यात बसेल अशी खोली करून घेतली. (इथे कॅम्पर म्हटलं की सगळे डबल केबिनची बोलेरो कॅम्पर दाखवतात. ती नव्हे. ही उचलून ठेवता येणारी खोली, एरवी अंगणात चार जॅकवर उभी असते.) आत एक बाक, त्यावर गादी, पाण्याची 100 लिटरची टाकी, छोटी गॅसची शेगडी. पाऊस वाढला की चढवायची आणि अमरावती रोडने कोंढाळीला मोठ्या बहिणीकडे निघायचं, असा बेत.

अडचणी आता दिसायला लागल्यात. फॅब्रिकेटर म्हणाला होता, "जास्तीत जास्त अडीचशे किलो." धर्मकाट्यावर आधी रिकामी गाडी नेली, मग खोली चढवून. फरक 415 किलो! पावती दाखवली तर म्हणतो, "साहेब, मजबूत पाहिजे म्हणाले होते ना तुम्ही." गाडीची क्षमता 750 च्या आसपास. पाण्याचे 100, ट्युबलर बॅटरीचे साठेक, मग आम्ही पाच जण आणि सामान. क्षमतेच्या वर जातंय.

दुसरं, बॅटरी. 12 व्होल्ट, 150 अँपिअर. मशीन 350 वॉटची. कागदावर पाच तास निघतात, लावून पाहिली तर साडेतीन तासांत इन्व्हर्टर ओरडायला लागला.

तिसरं, गेल्या रविवारी घड्याळ लावून खोली चढवून पाहिली. तीन माणसं, कोरडी जमीन, लख्ख ऊन. तरी 50 मिनिटं लागली.

वजन कुठून कमी करू? बाबांच्या मशीनसाठी काय सोय करावी? आणि आरटीओचं काय? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगावं.

प्रतिसाद:
भाऊ, खोली राहू द्या बाजूला, पाच जणं बसवून कुठं राहिले? एसमध्ये ड्रायव्हर धरून दोन. बाकीचे तिघं मागं गादीवर? ब्रेक मारला का बाप्पा, सगळे शेगडीवर! माझ्याकडे नऊ वर्षं छोटा हत्ती होता. वर वजन असलं की वळणावर कशी डोलते ते मले माहीत आहे. अन् पाण्यात तर टाकूच नका. एक फूट वाहतं पाणी छोट्या कारले उचलते, दोन फुटात बहुतेक गाड्या जातात. पाणी इंजिनात शिरून बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिन बसते.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणीपत्रावरच्या) तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. सामानासारखी नुसती दोरीने बांधलेली, काढता येणारी पेटी आणि गाडीला वेल्ड केलेली बॉडी यांत फरक पडतो, तेव्हा आधी आरटीओत विचारून घ्या. पण मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं चालणारच नाही, आणि काही झालं तर विमा कंपनीही हात वर करेल.

प्रतिसाद:
मी घरी पेशंट सांभाळते म्हणून सांगते. फक्त बॅटरीवर विसंबू नका. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. काका मिनिटाला 2 लिटरवर असतील तर बारा तास निघतात, वीज लागत नाही. रेग्युलेटर आणि पाना त्यालाच बांधून ठेवा, ऐन वेळी पानाच सापडत नाही. पण एकाच बंद खोलीत शेगडी आणि ऑक्सिजन? दादा, शेगडी आजच काढा. गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड, खालीच साचतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. शेगडी काल काढली, सोबत तिचा लोखंडी ओटाही, 38 किलो कमी झाले. तिघं मागे बसणार हे मी मनात धरूनच चाललो होतो. बायकोने दोनदा हटकलं होतं, तेव्हा "बघू" म्हणालो. आता माणसं वॅगनआरमध्येच जाणार.

खोली मोडत नाही, पण ती बहिणीच्या वाड्यात नेऊन ठेवतोय, जून ते सप्टेंबर तिथेच. पोचल्यावर बाबांना खालची, वेगळी जागा होईल. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की बाबा आणि आई दुपारीच निघतील, पाऊस पडो न पडो. बाबांचं म्हणणं, "दर वेळी उगाच पळवशील आणि आभाळ कोरडं राहील." राहू दे.

आता एकच विचारायचं आहे. वॅगनआरमध्ये बी टाइप सिलिंडर नेताना कुठे आणि कसा बांधावा? मागच्या सीटवर बाबांच्या पायाशी आडवा ठेवला तर वळणावर गडगडतो, डिकीत ठेवला तर नळी पुरत नाही. कुणी पट्टा किंवा स्टँड बसवून घेतला असेल तर फोटो टाका.