छोट्या इलेक्ट्रिक टिलरने परसबागेची माती तयार करायची आहे, सल्ला हवा

अंगणवेल
तळेगावजवळ घरामागे ३० बाय २० फुटांची जागा आहे. वर जेमतेम एक फूट काळी माती, बाहेरून आणून पसरलेली, आणि खाली मुरूम. जागा पडीक असल्यामुळे हरळी माजली आहे आणि एका कोपऱ्यात लव्हाळाही आहे. पावसाळ्यासाठी भेंडी, गवार, वांगी, मिरची आणि पुढे पालेभाज्या लावायच्या आहेत. वायरवर चालणारा १४००-१५०० वॅटचा टिलर (फिरत्या पात्यांनी माती मोकळी करणारं मशीन) घ्यायचं चाललंय. घरातल्या सॉकेटपासून प्लॉटचं लांबचं टोक साधारण २५ मीटर आहे. आता एप्रिल संपत आलाय. या मातीत हे मशीन चालेल का? किती रुंदीचं घ्यावं, माती किती खोल करावी, शेणखत किती आणि केव्हा घालावं, वायर कोणती वापरावी, हे जाणकारांनी सांगावं.

वाफसा
चालेल, पण पडीक जमिनीची पहिली फोड या मशीनकडून करून घेऊ नका. या टिलरचं वजन बहुतेक १० ते १४ किलो असतं. कडक जमिनीवर पाती आत शिरत नाहीत, वरच्या वर उड्या मारतात. मग माणूस वरून जोर देतो, मोटर दबते, करंट वाढतो आणि मोटर तापते. टिलर जळतात ते बहुतेक असेच. फोडलेली माती भुसभुशीत करणं आणि तिच्यात खत कालवणं हे त्याचं खरं काम, आणि ते तो फार छान करतो.

पहिली फोड टिकावाने किंवा चार दातांच्या डिगिंग फोर्कने करा. फोर्क बरा, कारण त्याने हरळीच्या मुळ्या तुटत नाहीत, लांबच्या लांब उपसून येतात. या मुळ्या टिलरखाली गेल्या की प्रत्येक पेरापासून नवीन हरळी उगवते. एका झुडपाची पन्नास करून ठेवायची नसतील तर हात राखू नका, आधी हरळी वेचून प्लॉटच्या बाहेर काढा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, कडक उन्हात पसरून पूर्ण वाळू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: वाफसा, म्हणजे माती फार ओली नाही आणि कोरडीही नाही अशी मशागतीला योग्य ओल. काळी माती कोरडी असेल तर ढेकळं फुटत नाहीत, पात्यांवर आपटून उडतात. ओली असेल तर माती पात्यांमध्ये भरून गोळा होतो आणि खाली घासलेला, चकचकीत, घट्ट थर तयार होतो. पुढे पावसाचं पाणी त्याच थरावर अडून बसतं आणि वांग्या-मिरचीची मुळं कुजतात. परीक्षा अशी करा:

– वरची नाही, चार बोटं खालची माती मूठभर घ्या आणि दाबून लाडू वळा.
– कमरेच्या उंचीवरून तो खाली सोडा. फुटून सुटा झाला तर वाफसा आहे. नुसताच चपटा झाला तर ओल जास्त आहे. लाडू वळलाच नाही तर पाणी द्यावं लागेल.
– अंगठा आणि तर्जनीत माती चोळून पाहा. चकचकीत पट्टी निघत असेल तर त्या दिवशी मशीन बाहेर काढू नका.

सध्याच्या उन्हात एकदा भरपूर पाणी देऊन तीन-चार दिवस थांबलं की वाफसा यायला हवा. तुमच्याकडे खाली मुरूम आहे, त्यामुळे निचरा बरा असणार. पण दिवस मोजून ठरवू नका, लाडू वळून ठरवा.

तारजोड
वायरबद्दल लिहितो, कारण मशीनच्या निम्म्या तक्रारी मशीनच्या नसून वायरच्या असतात.

१५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर. ६ अँपिअरचं साधं सॉकेट यासाठी नाही. गीझरचा किंवा एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट घ्या. एक्स्टेंशनला बाजारात सर्रास मिळणारी ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर अजिबात नको. ३० मीटरला तिच्यात चालू कामातच दहा व्होल्ट पडतात. मशीन सुरू होताना किंवा पाती अडकल्यावर करंट तिप्पट-चौपट होतो, तेव्हा तीस-चाळीस व्होल्ट वायरमध्येच संपतात. २५-३० मीटरसाठी किमान दीड चौरस मिलिमीटरची तीन पदरी तांब्याची लवचीक वायर घ्या. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरत असेल तर अडीचची घ्या आणि काम सकाळी करा. व्होल्टेज कमी असताना मोटर हळू फिरते, तिचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी तापते.

रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण सोडूनच वापरा. अर्धी रिळावर ठेवली तर आतले वेढे तापून इन्सुलेशन मऊ होतं. मध्ये काळी टेप लावलेला जोड चालणार नाही. प्लग आणि सॉकेटचा जोड मातीवर पडू देऊ नका, हँडलच्या हुकात वायरचा वेढा अडकवा म्हणजे ओढ जोडावर येत नाही.

बहुतेक टिलर दुहेरी इन्सुलेशनचे, दोन पिनांचे असतात. तरीही लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. काम सुरू करण्यापूर्वी त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते पाहा. पाण्याच्या ओलीत, दमट मातीत उघड्या पायाने हे मशीन चालवणं जिवावरचं आहे. गमबूट आणि चष्मा घाला, ओढणी किंवा पदर खोचून घ्या, मुलांना त्या भागात येऊ देऊ नका. चुकून वायर कापली गेली तर तिला हात लावण्याआधी घरातलं बटण बंद करून प्लग काढायचा, मगच जवळ जायचं.

अंगणवेल
धन्यवाद. वायर घरात आहे ती नक्कीच पातळ आहे, नवी घेते. प्रत्यक्ष चालवायचं कसं? व्हिडिओंमध्ये कोणी पुढे ढकलतं, कोणी मागे ओढतं. आणि बॅटरीवरचा घेतला तर वायरची कटकटच नको, असंही वाटतंय.

वाफसा
बॅटरीवरचे लहान टिलर तयार वाफ्यात वरचे दोन-तीन इंच हलवायला ठीक. ६०० फूट काळ्या मातीला ते पुरे पडत नाहीत, दर थोड्या वेळाने बॅटरी उतरते. वायरवरचाच घ्या. रुंदी ३० ते ४० सेंटिमीटर पुरे. ४५ चं घेतलंत तर तेवढ्याच वॅटवर जास्त माती ओढायची, म्हणून ते काळ्या मातीत लवकर दबतं. घेताना पाती पोलादाची आहेत का, पाती आणि कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) सुटे मिळतात का, हे दुकानात विचारूनच घ्या.

चालवायची रीत: पाती फिरताना मशीनला स्वतःहून पुढे ओढत नेतात. तसं पळू दिलं तर ते वरची माती खरवडत जातं, खोल जात नाही. म्हणून पुढे जाताना हँडल धरून त्याला रोखायचं, दोन-तीन सेकंद तिथेच खणू द्यायचं, मग हातभर पुढे सोडायचं, पुन्हा किंचित मागे ओढायचं. वरून अंगाचा भार टाकायचा नाही. मशीन बाजूला पळत असेल तर खोली कमी करा.

सुरुवात सॉकेटच्या बाजूने करून दूर सरकत जा. वायर खांद्यावरून मागे सोडा आणि कायम फिरवून झालेल्या बाजूला ठेवा, म्हणजे ती पात्यांसमोर येत नाही.

फेऱ्या तीन:
पहिली उभी, ५ ते ७ सेंटिमीटर. हिच्यात उरलेली मुळं, विटांचे तुकडे, तारा आणि नायलॉनच्या दोऱ्या वर येतात. थांबून सगळं वेचा. बंगल्याच्या प्लॉटवर पुरलेला राडारोडा हमखास निघतो.
दुसरी आडवी, १० ते १२ सेंटिमीटर. शेणखत पसरून हिच्यात मिसळायचं.
तिसरी, गरज असेल तरच, १५ सेंटिमीटरपर्यंत. त्याखाली जाऊ नका, मुरूम वर येईल.

ढेकळं हरभऱ्यापासून सुपारीएवढी राहिली की थांबायचं. पीठ होईपर्यंत फिरवलं तर पहिल्याच जोराच्या सरीने वर खपली धरते आणि मेथी-पालकाचं बी त्याखालून वर येत नाही. नवीन मशीन हातात आलं की माणूस फिरवतच राहतो, ते टाळा.

सलग पंधरा मिनिटं चालवलं की दहा मिनिटं विश्रांती. जळका वास आला तर लगेच बंद करा. पाती अडकली तर बटण सोडून, प्लग काढून, मगच दगड काढा. पात्यांत दगड अडकलेला असताना बटण पुन्हा पुन्हा दाबल्याने आतला गिअर तुटतो.

गादीवाफा
खताचं प्रमाण सांगतो. पहिल्या वर्षी दोन सेंटिमीटरचा थर द्या. ६०० फुटांना साधारण ४० घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासला थोडं कमी. घमेल्याच्या हिशोबात १०० फुटांना १५-१६ घमेली. पुढच्या वर्षांपासून याच्या निम्मं पुरे. खत पूर्ण कुजलेलं हवं: काळसर, हाताला कोरडं, शेणाचा वास नसलेलं. कच्चं शेणखत घातलं तर त्याबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि गवताचं बीही येतं. टिलर फिरवताना इंग्रजी सी आकाराच्या पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून मारा. साळुंक्या मागे लागत असतील तर त्यांना हाकलू नका, त्या तुमचंच काम करतायत. निंबोळी पेंड १०० फुटांना एक किलो, खताबरोबरच.

माती मोकळी व्हावी म्हणून वाळू टाकायचा सल्ला कोणी देईलच. टाकू नका. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की ती सुकल्यावर विटेसारखी होते. काळ्या मातीला मोकळं करतं ते कुजलेलं खत. चुनाही नको, आपल्याकडच्या काळ्या मातीत तो बहुधा आधीच भरपूर असतो.

तुमच्याकडे मे महिना अख्खा हातात आहे, त्याचा फायदा घ्या. दुसऱ्या फेरीनंतर जमीन सपाट करा, पाणी देऊन ओली करा आणि २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून अंथरा. काळा नको, काळ्याने माती तेवढी तापत नाही. कागद मातीला टेकलेला हवा, कडा वीतभर खोल चरात पुरा. चार ते सहा आठवडे ठेवा. वरच्या थरातलं तणांचं बी, मर रोगाच्या बुरशा आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) बऱ्याच कमी होतात.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. कागद काढल्यावर टिलर पुन्हा १५ सेंटिमीटर घालायचा नाही. खालचं न तापलेलं बी वर आणलं की सगळी मेहनत वाया. म्हणून खत आधीच मिसळायचं आणि वाफेही आधीच पाडून घ्यायचे. नंतर फक्त खुरप्याने वरचे दोन इंच. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरणार असाल तर तो कागद काढल्यानंतर द्या, आधी दिलात तर बराचसा उष्णतेने मरेल.

वाफे तीन फूट रुंद, वीतभर उंच, मध्ये दीड फुटाची वाट. वाटेवर टिलर फिरवू नका. तिथे मोकळी केलेली माती पावसात चिखल होते, आणि दर तीन फुटांमागे दीड फुटाचं खणणं वाचतं ते वेगळंच.

जांभ्यावरून
कोकणातून कोणी हे वाचत असेल तर वेगळं लक्षात ठेवा. जांभ्याच्या मातीत वाफसा पटकन येतो आणि पटकन जातो, पण मातीत जांभ्याचे खडे असतात, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. उतारावर जूनच्या तोंडावर टिलर फिरवलात तर पहिल्या मोठ्या पावसात माती बांधाखाली. तिथे फक्त लावणीच्या पट्ट्या, उताराला आडव्या, आणि लगेच पालापाचोळ्याचं आच्छादन. आमची माती आम्लधर्मी असल्याने चुन्याचा सल्ला इथे उलटा लागू होतो, पण तोही माती तपासूनच.

अंगणवेल
फार उपयोगी माहिती मिळाली सगळ्यांकडून. दोन शंका उरल्या. लव्हाळ्याच्या कोपऱ्याचं काय करू? आणि दर वर्षी हे सगळं करावं लागेल का?

खुरपं
अंगणवेलताई, लव्हाळ्याच्या कोपऱ्यात टिलर नेऊच नका. त्याचे गड्डे साखळीने खोलवर असतात. पाती ती साखळी तोडून गड्डे प्लॉटभर पसरवतात, आणि सुटा झालेला प्रत्येक गड्डा फुटतो. प्लास्टिकच्या कागदाने खोलवरचे गड्डे मरत नाहीत. तो कोपरा कुदळीने खणून गड्ड्यांसकट काढा, आणि पावसात जे कोंब येतील ते तीन-चार पानांवर असतानाच उपटत राहा. कोंबाला दर वेळी गड्ड्यातलीच साठवण वापरावी लागते, म्हणून नेटाने उपटत राहिलं तर तो हळूहळू थकतो. या पावसाळ्यात त्या कोपऱ्यात पीक घेऊ नका.

दर वर्षी खोल टिलर फिरवायला माझा स्पष्ट विरोध आहे. एकदा वाफे झाले, त्यांच्यावर पाय पडणं थांबलं, वर पाला अंथरला, की गांडुळं माती मोकळी ठेवतात. दर हंगामात फिरवलं तर गांडुळांची बिळं मोडतात, सेंद्रिय अंश लवकर जळून जातो आणि पात्यांच्या टोकाखाली घट्ट थर बसतो. तो थर पाहायचा असेल तर लोखंडी सळई मातीत दाबा, जिथे ती एकदम अडते तो तुमचा थर.

वाफसा
फळभाज्यांच्या वाफ्यांपुरतं खुरपं यांचं बरोबर आहे. पालेभाज्यांना मात्र बारीक माती लागते, तिथे वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये पावसाची ओल उतरून वाफसा आला की वरचे ५ ते ७ सेंटिमीटर फिरवायला हरकत नाही. घट्ट थर बसला असेल तर तो टिलरने फुटत नाही, फोर्क खोल रोवून मागे हलवावा लागतो.

ठेवणीचं राहिलं होतं. काम झालं की प्लग काढून, पाती गरम असताना नको, थोडी निवल्यावर लाकडी पट्टीने माती खरवडा. पाइपने पाणी मारू नका, ते मोटरच्या हवेच्या फटींतून आत जातं. पात्यांच्या दांड्यावर गुंडाळलेली हरळी आणि नायलॉनची दोरी कात्रीने कापून काढा. ती तशीच राहिली तर घासून गिअरच्या तोंडाचं सील फाटतं, आधी ग्रीस बाहेर येतं आणि मग माती आत जाते. पात्यांना मशीनच्या तेलाचा हात फिरवा. पाती कधी काढलीत तर पुन्हा बसवताना धार फिरण्याच्या दिशेला येते का ते पाहा. डावी-उजवी उलटी बसली की मशीन नुसतं माती थापटतं, खणत नाही. ब्रशपाशी ठिणग्या जास्त दिसू लागल्या तर दोन्ही कार्बन ब्रश एकदम बदला, एकच बदलू नका.

अंगणवेल
ठरलं तर. उद्या फोर्क आणि दीडची वायर आणते, हरळी काढून झाली की पाणी देते आणि लाडू वळून पाहते. कागद ३० मायक्रॉनचा मिळतोय, चालेल ना?

गादीवाफा
चालेल. रुंदी वाफ्यापेक्षा किमान तीन फूट जास्त घ्या, वाफ्याच्या बाजू झाकायला आणि कडा पुरायला लागते.